फुगवलेले केस, कापलेली वाक्यं

केस फुगवून उभे करायचे, म्हणजे 'ब्लोआउट' करायचा, तर हाताशी २५ मिनिटं हवीत. केस धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे, ओलसर असतानाच ड्रायर खालून वर धरायचा आणि बोटांनी उचलत उचलत मुळं उभी करायची. जेल मुळांना लावायचं नाही, वजनाने केस बसतात. तळहातावर चोळून फक्त टोकांना. मग हेअरस्प्रेचा एक थर, तो वाळला की दुसरा. घाई केली तर थर ओलेच राहतात आणि समुद्रकाठच्या दमट हवेत सगळा डोलारा कलतो. ऱ्होड आयलंडचा डीजे पॉली डेलवेकियो, म्हणजे 'पॉली डी', अशाच केसांनिशी ३ डिसेंबर २००९ ला एमटीव्हीच्या 'जर्सी शोर'मध्ये, म्हणजे आठ तरुणांना समुद्रकाठच्या एका घरात कॅमेऱ्यांपुढे ठेवणाऱ्या रिॲलिटी शोमध्ये, अवतरला. केसांना २५ मिनिटं लागतात, हे त्याने स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

त्याच्या केसांबद्दल कुणी काही म्हणायचं कारण नाही. ज्याचे केस, त्याची हौस. प्रश्न त्यापुढचा आहे. ब्रुकलिनच्या गल्ल्यांत कित्येक वर्षं चालत आलेली पोरांची एक फॅशन टीव्हीवर आली आणि बघता बघता एका वंशाचं लक्षण होऊन बसली. हे कुणी घडवलं, कोणत्या हत्यारांनी घडवलं, आणि त्यावर चिडलेल्या इटालियन-अमेरिकन संघटनांचा नेम कुठे चुकला, याची मांडणी क्वचितच होते. माझ्या मते भांडण शब्दावरून झालं, व्हायला हवं होतं कात्रीवरून, म्हणजे चित्रणाच्या काटछाटीवरून.

तो शब्द 'ग्वीडो'. इटलीत हे साधं बारशाला ठेवायचं नाव. न्यूयॉर्कच्या परिसरात मात्र कामगारवस्तीतल्या इटालियन पोरांना हिणवायला ते वापरलं जाई, आणि हिणवणाऱ्यांत शिकून वर गेलेले इटालियनही असत. पुढे ८०च्या दशकात पोरांनीच तो शब्द उचलला आणि मिरवला. एमटीव्हीने प्रोमोमध्ये त्याचाच ढोल बडवला. न्यू जर्सीतल्या 'युनिको नॅशनल' या संस्थेने पहिला भाग दिसायच्या आधीच कार्यक्रम रद्द करा म्हणून मागणी केली. राज्य विधिमंडळातल्या इटालियन-अमेरिकन सदस्यांच्या गटाचे प्रमुख जोसेफ व्हिटाले यांनी मालक कंपनी व्हायाकॉमकडे तोच हट्ट धरला. डॉमिनोज पिझ्झाने आपल्या जाहिराती काढून घेतल्या. यावर वाहिनीने काय केलं? निवेदनातून तो शब्द गाळला. घरातली पोरं तो बोलतच राहिली. वादाचा धुरळा मात्र फुकटची प्रसिद्धी ठरला: पहिल्या भागाला सुमारे १४ लाख प्रेक्षक होते, जानेवारीत पर्व संपलं तेव्हा ४८ लाख, आणि वर्षभराने तिसरं पर्व सुरू झालं तेव्हा ८४ लाख.

आता त्या घरात कोण कोण होतं ते पाहू. 'स्नूकी' म्हणजे निकोल पोलिझी ही चिलीत जन्मलेली, इटालियन-अमेरिकन घरात दत्तक आलेली. 'जेवाव' म्हणजे जेनी फार्ली आयरिश आणि स्पॅनिश वंशाची. रॉनी ऑर्टिझ-मॅग्रोची आई पोर्तोरिकन. सॅमी जियानकोला अर्धी ग्रीक, अँजेलिना पिव्हार्निक अर्धी पोलिश. म्हणजे ज्या आठ जणांवरून 'इटालियन रक्त असंच उसळतं' असा निष्कर्ष निघाला, त्यांतल्या पाच जणांत ते रक्त एक तर अर्धं, नाही तर नाहीच. आणि गाव न्यू जर्सीचं असलं, तरी पोरं बरीचशी न्यूयॉर्कची.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण खरी गोष्ट त्याहून रंजक आहे. ग्वीडोपण जन्माने मिळत नाही, ते शिकून घ्यावं लागतं. न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड ट्रिकॅरिको ८०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडत आले आहेत: ही एक तरुणांची शैली आहे, तिला वस्ती आहे, वर्ग आहे, स्वतःचं संगीत आहे. जेनी आणि निकोल त्या शैलीत मुरल्या होत्या, एवढंच. म्हणजे निवड करणाऱ्यांनी शैली पारखून माणसं घेतली, आणि वाहिनीने ती विकताना पाकिटावर वंशाचं नाव छापलं.

ही शैली आली कुठून? १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले, त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली-नेपल्स-कालाब्रियाचे, भूमिहीन किंवा नावापुरती जमीन असलेले. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं. १९२४ च्या कायद्याने त्यांची वर्षाची आवक चार हजारांच्या आत आणून ठेवली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा समाज झपाट्याने 'गोरा' आणि मध्यमवर्गीय झाला, पण सगळा नाही. ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टसारख्या वस्त्यांत ६० आणि ७०च्या दशकांतही इटलीहून नवी कुटुंबं येत होती: गवंडी, फरशी बसवणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका. त्यांची पोरं आठवडाभर सिमेंटात नाही तर ग्रीसमध्ये हात घालत आणि शनिवारी रात्री क्लबात जात. जिम, टॅन (कातडी रापवणं), लाँड्री या 'जर्सी शोर'मधल्या पोरांच्या ज्या त्रिसूत्रीला अख्खा देश हसला, तिच्यातली लाँड्री इथली आहे. ज्याच्या कपड्यांना कामाचा डाग पडतो, त्यालाच शनिवारच्या कडक इस्त्रीचं मोल कळतं. उजळ कपडे, कोरलेली दाढी, चकचकीत आयरॉक कॅमारो गाडी, हा सगळा अंगावरची धूळ धुऊन टाकल्याचा पुरावा होता.

या वस्तीला काळी बाजूही होती आणि ती झाकायचं कारण नाही. २३ ऑगस्ट १९८९ ला बेन्सनहर्स्टमध्ये जुनी गाडी बघायला आलेल्या युसुफ हॉकिन्स या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने घेरलं आणि गोळी घालून मारलं. टोळक्यात बहुसंख्य इटालियन होते. वस्ती राखायची म्हणजे बाहेरच्याला हुसकायचं, हाही त्या मर्दानगीचाच एक भाग होता. 'जर्सी शोर'मध्ये यातलं काही येत नाही. धूळ येत नाही, गोळीही येत नाही. उरतात केस.

वस्तीही पुढे पांगली. १९६४ मध्ये व्हेराझानो पूल झाला आणि ब्रुकलिनचे इटालियन स्टॅटन आयलंडला सरकले, तिथून आणखी दक्षिणेला न्यू जर्सीच्या मॉनमथ आणि ओशन जिल्ह्यांत. उन्हाळ्यात समुद्रावर घर भाड्याने घ्यायचं, आठ-दहा जणांनी पैसे काढायचे, हा त्यांचा रिवाज. 'जर्सी शोर'चं घर जिथे होतं ते सीसाइड हाइट्स हे तीन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव त्यावर जगतं. तिथले स्थानिक या पाहुण्यांना 'बेनी' म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. कचरा करणारे, आरडाओरडा करणारे, उत्तरेकडून येणारे ते बेनी. म्हणजे ज्या पोरांमुळे आपलं नाव खराब झालं म्हणून न्यू जर्सीने आकांत केला, त्यांना न्यू जर्सीचा किनारा आधीपासूनच परकं मानत होता.

इथे एक जुनी गंमत आठवते. ब्रुकलिनच्या बे रिजमधला नाचणारा इटालियन पोरगा जगाला माहीत झाला तो १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मुळे, आणि तो चित्रपट निघाला न्यूयॉर्क मॅगझिनमधल्या १९७६ च्या एका 'वृत्तांता'वरून. लेखक निक कोन याने ९०च्या दशकात कबूल केलं की मजकूर रचलेला होता. नायक त्याने लंडनमध्ये पाहिलेल्या एका इंग्रज पोरावरून बेतला होता. पुढे खऱ्या ब्रुकलिनच्या पोरांनी त्या चित्रपटातली ऐट उचलली. तेव्हा पडद्यावरचा ग्वीडो खरा की खोटा, हा प्रश्न २००९ च्या कितीतरी आधीच निरर्थक झाला होता.

मग कात्रीकडे वळू. आधी पैशाचं गणित, कारण बाकी सगळं त्यातून निघतं. पहिल्या पर्वासाठी न्यू जर्सीने निर्मात्या ४९५ प्रॉडक्शन्सला ४,२०,००० डॉलरची करसवलत मंजूर केली होती. तेव्हा सवलतीचा दर होता पात्र खर्चाच्या २० टक्के. म्हणजे राज्यात झालेला पात्र खर्च २१ लाख डॉलरच्या आसपास. जेमतेम नऊ भागांचं अख्खं पर्व एवढ्यात. त्या काळात मोठ्या वाहिनीवरच्या तासाभराच्या कथामालिकेचा एकच भाग वीस-तीस लाख डॉलर खात असे. लेखक नाहीत, संघटनेचे नट नाहीत, सेट म्हणजे भाड्याचं घर. लेखकच नाहीत तर गोष्ट येणार कुठून? परिस्थिती अशी रचायची की गोष्ट घडल्यावाचून राहू नये.

रचायची पद्धत सरळ आहे. आठ तरुण एका घरात. टीव्ही नाही, इंटरनेट नाही, स्वतःचा मोबाइल नाही. बाहेरच्या जगाशी बोलायला एकच फोन, तोही बदकाच्या आकाराचा आणि रिंगऐवजी क्वॅक क्वॅक करणारा, दिवाणखान्यात सगळ्यांच्या कानांदेखत. झोपायच्या खोल्या सामायिक. अंगणात गरम पाण्याचा टब. फ्रिज कायम भरलेला, आणि त्यात दारू. कंटाळा, दारू, अपुरी झोप आणि एकांताचा अभाव, या चारांचं मिश्रण तीन-चार दिवसांत आंबतंच, मग माणसं इटालियन असोत नाही तर आइसलँडची. दिवसा टी-शर्टच्या दुकानातली नोकरी असते, पण तिचा वाटा दृश्यांत किती? कुणी उशिरा आलं किंवा काउंटरवर झोपलं, तरच.

चित्रीकरणाचा हिशेब धरून चला. चार कॅमेरे, दिवसाला १६ तास, महिनाभर. झाले १,९२० तास. त्यातून नऊ भाग, प्रत्येकी ४२ मिनिटांचे, म्हणजे सव्वासहा तास. तीनशे तासांतला एक तास दाखवायचा आणि २९९ टाकायचे. या प्रमाणात कुणाच्याही आयुष्यातून काहीही काढता येतं: अखंड भांडणारा माणूस काढता येतो, अखंड जेवणारा काढता येतो, अखंड शांत बसणाराही.

तरीही जोड बसत नसेल, तर मुलाखती असतात. प्रत्येकाला एकेकटं खुर्चीवर बसवून विचारतात: त्या रात्री काय झालं? उत्तर पूर्ण वाक्यात आणि वर्तमानकाळात द्यायला सांगतात, म्हणजे ते कुठेही चिकटवता येतं. एकाच दृश्याबद्दल मागाहून अनेकदा बोलायला लावतात. मग कुठल्या मुलाखतीतला कुठला तुकडा कुठे गेला, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. तुकडे जोडून नवं वाक्य तयार केलं की संकलक त्याला 'फ्रँकनबाइट' म्हणतात. 'ती वाईट मैत्रीण आहे असं मी म्हणणार नाही' या वाक्यात इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून सुरुवात कापावी लागते. मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे आपल्याकडच्या संकलकाला आणखी सोपं. 'ती वाईट मैत्रीण आहे'वर थांबायचं, झालं. पकडायचं कसं? बोलणाऱ्याचा चेहरा नेमका वाक्याच्या मध्यावर गायब होतो आणि समुद्र किंवा दुसऱ्या कुणाचं तोंड दिसतं. वाक्य संपताना आवाज खाली उतरायला हवा, तो हवेतच तुटतो. श्वास दोनदा घेतला जातो किंवा अजिबात नाही. 'बिग बॉस मराठी'चा कुठलाही भाग डोळे मिटून ऐका, कानाला हे सांधे लागतात.

हे सगळं असूनही या कार्यक्रमातले एक-दोन भाग असे आहेत की पडद्यावर खरोखर कुणीतरी राहतंय असं वाटतं. ते रविवारचे. घरात कितीही आदळआपट झालेली असो, रविवारी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि एका टेबलावर बसायचं, हा नेम त्यांनी पाळला. पहिल्याच पर्वात व्हिनी ग्वाडान्यीनोच्या घरचं गणगोत येतं, आई स्वयंपाकघराचा ताबा घेते, सगळ्यांना वाढते, आणि वाढता वाढता पोरांनी केलेला पसारा आवरते. रविवारचं जेवण ही दक्षिण इटालियन स्थलांतरितांची अमेरिकेत घट्ट झालेली चाल. बाराच्या सुमाराला सुरू होऊन चारपर्यंत चालणारी. त्या आईच्या हालचालीत काम, वर्ग, माया आणि बाईवरचा भार हे सगळं एकदम दिसतं. संघटनांनी या दृश्याचा नामोल्लेखही केला नाही. त्यांना प्रतिमा हवी होती, आणि खरकटी आवरणारी आई त्यांच्या प्रतिमेतही बसत नव्हती.

इथेच माझा त्यांच्यावरचा खरा राग आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजशी संलग्न कॅलँड्रा इन्स्टिट्यूटने जानेवारी २०१० मध्ये या तरुण शैलीवर चर्चासत्र ठेवलं, ट्रिकॅरिकोही बोलले. त्यावर समाजातल्याच काही पुढाऱ्यांनी आक्षेप घेतला: असल्या विषयाला विद्यापीठाची खुर्ची कशाला? 'सोप्रानोज' या इटालियन-अमेरिकन माफियावरच्या मालिकेच्या वेळीही हाच पवित्रा. २००२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी त्या मालिकेतल्या दोन कलाकारांना इटालियन-अमेरिकनांच्या कोलंबस डे मिरवणुकीला बोलावलं, आयोजकांनी नकार दिला, आणि महापौरच मिरवणुकीला गेले नाहीत. हे प्रतिष्ठेचं राजकारण उपनगरात बंगला बांधून झालेल्यांचं आहे. त्यांना जुन्या वस्तीतला भाऊबंद पाहुण्यांसमोर यायला नको असतो. 'हे आम्ही नव्हेत' या वाक्यातला 'आम्ही' कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. अमेरिकेत इटालियन मूळ सांगणारे दीड कोटीहून जास्त लोक आहेत.

यावर हमखास येणारा प्रतिवाद: पोरं सज्ञान होती, सही करून आली, पैसेवाली झाली, तुमच्या पोटात का दुखतंय? पैसे झाले हे खरं. स्नूकीला २०११ मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या कार्यक्रमासाठी ३२,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी पदवीदान समारंभात बोलायला आलेल्या नोबेलविजेत्या टोनी मॉरिसन यांना ३०,०००. पण सहीचं म्हणाल तर या धंद्यातल्या करारात सही कशावर होते ते वाचा. निर्मात्याला तुमचं चित्रण बदलायचा, क्रम फिरवायचा, तुम्हाला लाज आणणारं दाखवायचा हक्क असतो आणि बदनामीचा दावा करायचा तुमचा हक्क सोडलेला असतो. पहिल्याच पर्वात बारमध्ये एका बाहेरच्या माणसाने स्नूकीच्या तोंडावर ठोसा मारला. वाहिनीने तो ठोसा आधी प्रोमोत वाजवला. ओरड झाल्यावर प्रत्यक्ष भागातून काढला. बाईच्या तोंडावर बसलेला ठोसा हा प्रोमोचा माल आहे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडे नव्हता. 'ग्वीडो' हा शब्द गाळून यातलं काय बदललं असतं?

मागायचं होतं ते वेगळंच. घरात दिवसाला किती दारू भरली जाते याची नोंद, आणि एक कमाल मर्यादा. मुलाखतीतलं वाक्य जोडलेलं असेल तर प्रसारणाआधी मूळ ध्वनिमुद्रण ऐकायचा सहभागींचा हक्क. निर्मात्याच्या पगारावर नसलेला मानसोपचारतज्ज्ञ, चित्रीकरण संपल्यावरही काही महिने. हे अशक्य नाही: ब्रिटनमध्ये प्रसारण नियामक ऑफकॉमने एप्रिल २०२१ पासून सहभागींच्या काळजीचे नियम लागू केले. त्यात फ्रँकनबाइटवर बंदी नाही, पण चित्रणामुळे कुणाला इजा होऊ शकते हे वाहिनीला आधी तपासावं लागतं. न्यू जर्सीच्या हातात तर त्याहून सोपं हत्यार होतं, करसवलतीचं. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती (आईकडून सिसिलियन) यांनी सप्टेंबर २०११ मध्ये ती ४,२०,००० डॉलरची सवलत रोखली, राज्याची प्रतिमा मलिन होते म्हणून. टाळ्या पडल्या. पण पर्व केव्हाच दाखवून झालं होतं. हीच सवलत आधीपासून अटींना बांधली असती तर दारूची नोंदवही तरी मिळाली असती.

आपल्याशी याचा संबंध न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावरच्या मैलांच्या आकड्यांनी मोजता येतो. आयसलिन-एडिसनची एक्झिट १३१, सीसाइड हाइट्सची ८२. न्यू जर्सीतल्या मराठी आणि गुजराती वस्तीपासून त्या किनाऱ्याचा फाटा ४९ मैल. २०२० मध्ये ब्राव्हो वाहिनीने मायामीतल्या भारतीय-अमेरिकन कुटुंबांवर 'फॅमिली कर्मा' आणलं. तिथे दारूचा फ्रिज नाही. लग्नाचा तगादा, आयांचे टोमणे आणि सगळं गणगोत सतत अवतीभवती. दारू वेगळी, आंबवण नेमकं तेच. उद्या कॅमेरा आयसलिन-एडिसनमधल्या आपल्या ओक ट्री रोडवर आला तर मंडळांची पहिली पत्रकं कुठल्या शब्दावर निघतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

चौथ्या पर्वासाठी २०११ मध्ये ही पोरं फ्लॉरेन्सला गेली. पूर्वजांच्या देशात, भाषा न येता, एका पिझ्झेरियात नोकरीला. स्थानिकांना त्यांच्यात इटालियन काही दिसेना. त्यांच्या लेखी ते सरळ अमेरिकन. तिथले महापौर मातेओ रेंझी, पुढे पंतप्रधान झाले ते. त्यांनी कार्यक्रमावर बंदी मागितली नाही, कुठल्या शब्दावर आक्षेपही घेतला नाही. चित्रीकरणाच्या परवानगीच्या कागदावर अटी घातल्या: मद्यपानाच्या चित्रणावर बंधनं, आणि शहर दाखवायचं ते दारूचा अड्डा म्हणून नव्हे. कार्यक्रम त्यामुळे सोवळा झाला नाही, बाटल्या घरात होत्याच, आणि स्नूकीची गाडी पोलिसांच्या गाडीवर आदळलीही. तरी या सगळ्या प्रकरणात कॅमेरा सुरू होण्याआधी कागद हातात घेऊन वाचणारं मला सापडलेलं सरकारी टेबल हे एकच.